स्क्रीन जेम्सपासून सोनीपर्यंत: मालिकेच्या शेवटी झळकणारे लोगो (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जुन्या अमेरिकन मालिका पाहणाऱ्यांकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. हा लोगो कुणाचा? त्याच मालिकेच्या दुसऱ्या भागात वेगळाच लोगो का? आणि तो पिवळा-लाल एस पाहून अंगावर काटा का येतो? इथे मुख्यतः एकाच घराण्याबद्दल लिहिलं आहे: स्क्रीन जेम्स, मग कोलंबिया पिक्चर्स टेलिव्हिजन, मग कोलंबिया ट्रायस्टार आणि आताची सोनी पिक्चर्स टेलिव्हिजन. इतरांचा उल्लेख गरजेपुरता केला आहे.

निर्मितीसंस्थेचा लोगो म्हणजे नेमका कुठला? चॅनेलचा?

नाही. चॅनेलचा लोगो प्रसारणाच्या दिवशी चॅनेल स्वतः लावतं. मालिकेच्या फिल्मशी त्याचा संबंध नसतो. आपण बोलतोय तो लोगो श्रेयनामावली संपल्यावर तीन-चार सेकंद येतो. हा भाग कुणी बनवला आणि हक्क कुणाकडे आहेत, एवढंच तो सांगतो. तो मालिकेच्या प्रिंटलाच जोडलेला असायचा, त्यामुळे मालिका जिथे जाईल तिथे तोही जायचा. म्हणून पन्नास-साठ वर्षांनी मालकीचा माग काढताना तो कामाला येतो.

एकाच भागाच्या शेवटी दोन-तीन लोगो का दिसतात?

कारण वाटेकरी तितके असतात. मालिका सुचवणाऱ्याची छोटी कंपनी, पैसा आणि स्टुडिओ पुरवणारी मोठी कंपनी, आणि नंतर ती विकणारा वितरक. कुणाचं नाव कितव्या क्रमांकावर आणि किती वेळ दिसणार, हे करारात ठरतं.

बाकी सगळे सोडून स्क्रीन जेम्सच का?

कारण या एका घराण्यात सगळं घडून गेलंय: मालक बदलले, नाव पुन्हा पुन्हा बदललं, तंत्र बदललं आणि मधेच एक असा लोगो आला ज्याला लहानपणी घाबरलेल्या लोकांवर माहितीपट निघाला. दुसरं म्हणजे इथे एक सोयीस्कर मोजपट्टी आहे. 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' ही दैनंदिन मालिका १९६५ साली एनबीसी या अमेरिकन नेटवर्कवर सुरू झाली. कॉर्डे प्रॉडक्शन्स आणि स्क्रीन जेम्सची ती निर्मिती, आणि ती अजून चालू आहे. २०२२ मध्ये एनबीसीवरून पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेवर गेली, एवढंच. खाली ज्या नावांची चर्चा आहे ती सगळी या एका मालिकेने अंगावर वागवली आहेत.

स्क्रीन जेम्स ही कंपनी मुळात कुणाची?

कोलंबिया पिक्चर्स या हॉलिवूडच्या स्टुडिओची. हे नाव आधी, १९३० आणि ४० च्या दशकांत, कोलंबियाच्या कार्टून विभागाला होतं. तो विभाग १९४६ मध्ये बंद पडला. इकडे कोलंबियाच्या संस्थापकांपैकी जॅक कोन यांचा मुलगा राल्फ कोन याने १९४७ साली पायोनियर टेलिफिल्म्स नावाची कंपनी काढली होती. ती कोलंबियाने आपल्या पंखाखाली घेतली आणि १९४८ मध्ये तिला हे रिकामं पडलेलं नाव दिलं. सुरुवातीला जाहिराती बनवणं हेच काम होतं. १९५२ पासून 'फोर्ड टेलिव्हिजन थिएटर', १९५४ पासून 'फादर नोज बेस्ट', आणि पुढे 'बिविच्ड', 'आय ड्रीम ऑफ जीनी', 'द मंकीज', 'द पार्ट्रिज फॅमिली'. हॅना-बार्बेराची 'द फ्लिंटस्टोन्स' विकायचं कामही याच कंपनीकडे होतं.

वेगळं नाव का घेतलं, हे समजून घ्यायला त्या काळातलं हॉलिवूड डोळ्यांसमोर आणावं लागतं. टीव्ही म्हणजे चित्रपटगृहं रिकामी करणारा शत्रू, अशी स्टुडिओंची भावना होती. कोलंबियाने आपल्या चित्रपटांच्या लोगोतल्या मशालवाल्या बाईला मागे ठेवलं आणि टीव्हीच्या धंद्यासाठी दुसरी पाटी लावली. बाकीचे स्टुडिओ रुसून बसलेले असताना कोलंबियाने टीव्हीत बस्तान बसवलं, त्याचं श्रेय बरंचसं राल्फ कोनला जातं. १९५९ मध्ये तो गेला, तेव्हा कंपनी टीव्हीच्या दुनियेत मोठी झालेली होती.

सुरुवातीचे लोगो कसे होते?

साधेच. कंपनीचं नाव आणि मूळ कंपनी कोलंबिया असल्याचा उल्लेख, एवढ्यावर काम भागायचं. १९६३ च्या सुमारास हलत्या काड्यांचा एक लोगो आला. चाहते त्याला 'नाचऱ्या काड्या' म्हणतात. तो दोनेक वर्षंच टिकला. मला तो गंमतशीर वाटतो, पण पुढे जे आलं त्यापुढे तो विस्मरणात गेला.

मग तो प्रसिद्ध 'एस'. पडद्यावर नेमकं काय दिसतं?

पिवळं पडदाभर, त्यावर लाल ठिपका. दोन लाल पट्ट्या समोरासमोरून येतात, ठिपक्याभोवती वळतात आणि त्यांचा मिळून एक एस तयार होतो. खाली कंपनीचं नाव उमटतं. संपलं. माणूस नाही, प्राणी नाही, डोंगर नाही, मशाल नाही. १९६५ मध्ये हा लोगो आला आणि १९७४ पर्यंत राहिला. ज्या मालिका तोवर कृष्णधवल होत्या, त्यांच्या शेवटी तो करड्या छटांत दिसायचा. १९६६-६७ च्या हंगामापासून तिन्ही मोठ्या नेटवर्कचा संध्याकाळचा मुख्य वेळ रंगीत झाला, तेव्हा पिवळा-लाल अवतारच सगळीकडे रुळला.

आकृती चर्मायेफ अँड गाइस्मार या न्यूयॉर्कच्या संस्थेची. चेस बँकेचा अष्टकोन यांचाच, १९८४ चा पीबीएसचा चेहऱ्यांचा लोगो यांचाच आणि १९८६ चा एनबीसीचा मोरही यांचाच. ही नावं एकत्र ठेवली की एस विचित्र वाटेनासा होतो. त्या काळी कंपन्यांना चित्र नको होतं, चिन्ह हवं होतं: लेटरहेडवर छोटं छापलं तरी चालेल, इमारतीवर मोठं लावलं तरी चालेल असं. कागदावर तो एस अगदी शांत आहे. ठिपका मध्ये आणि पट्ट्या भोवती, रिळाला गुंडाळलेली फिल्मच जणू.

मग त्याची भीती कशाची?

आवाजाची. हा सूर एरिक सिडे यांचा. लंडनमध्ये जन्मलेले, मुळात जॅझमधले व्हायोलिनवादक, नंतर अमेरिकेत जाऊन जाहिरातींसाठी इलेक्ट्रॉनिक ध्वनी तयार करण्यात हातखंडा मिळवलेले. रॉबर्ट मूग यांच्या सिंथेसायझरच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी ते एक. मॅक्सवेल हाउस कॉफीच्या जाहिरातीतलं कॉफी उकळल्याचं ते बुडबुड संगीत त्यांचंच. थोडक्यात, काही सेकंदांत लक्षात राहील असा आवाज काढणं हा त्यांचा धंदाच होता.

एसचा सूर ऐकताना आधी वाटतं की पितळी वाद्य वाजतंय. पण पितळी वाद्याला जी फुंकर असते, जो श्वास असतो, तो इथे नाही. सूर सुरू होतो तोच पूर्ण ताकदीने, आणि शेवटचा सूर संपायला हवा त्यापेक्षा जरा जास्तच लांबतो. १९६५ साली सर्वसामान्य घरात सिंथेसायझर कुणी ऐकलेला नव्हता. मोठ्यांनाही हा आवाज कशातून निघतो ते सांगता आलं नसतं, मग मुलांची काय कथा.

आता तो कुठे येतो ते बघा. 'बिविच्ड' संपते, हलकंफुलकं शीर्षकसंगीत वाजतं, मूल सोफ्यावर पेंगुळलेलं असतं. संगीत थांबतं, क्षणभर काहीच नाही, आणि मग हे. शिवाय लोगोचा तुकडा वेगळा बनवून प्रिंटला जोडलेला असायचा. त्यामुळे त्याच्या आवाजाची पातळी मालिकेशी जुळेलच असं नाही. पुष्कळदा तो दचकवण्याइतका मोठा यायचा. अनोळखी आवाज, निर्जीव आकृती आणि ठरलेली वेळ. तिसरी गोष्ट सर्वांत वाईट, कारण तो येणार हे मुलाला माहीत असायचं. श्रेयनामावली सुरू झाली की खोलीतून पळायचं, ही सवय अनेकांनी मोठेपणी सांगितली आहे.

चाहत्यांनी त्याचं नाव 'एस फ्रॉम हेल' ठेवलं, म्हणजे नरकातला एस. रॉडनी अॅशर यांनी याच नावाचा लघुमाहितीपट केला. तो २०१० मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. लहानपणी या लोगोला घाबरलेली माणसं त्यात आपापल्या आठवणी सांगतात. विषय हसण्यासारखा असला तरी अॅशर त्यांना हसत नाहीत, ही त्याची जमेची बाजू.

मुलं घाबरत होती तर कंपनीने तो बदलला का नाही?

कारण मुलं हे लोगोचं गिऱ्हाईक नव्हतंच. लोगो होता स्टेशन चालवणाऱ्यांसाठी, जाहिरातदारांसाठी, स्पर्धकांसाठी. त्यांच्या दृष्टीने नाव लक्षात राहणं महत्त्वाचं, आणि ते राहत होतं.

असे भीतीदायक म्हणून नावाजलेले आणखी कोणते?

व्हायाकॉमचा, १९७६ ते १९८६ दरम्यानचा. त्यात कंपनीच्या नावातलं 'व्ही' हे अक्षर मोठं होत होत थेट अंगावर येतं आणि जोडीला कर्कश पितळी वाद्यं. त्याचं टोपणनाव 'व्ही ऑफ डूम'. पुढच्या पिढीसाठी ती जागा क्लास्की सूपोच्या १९९८ च्या लोगोने घेतली. त्यात शाईचा डाग उडतो, त्यावर कागदाचे डोळे आणि ओठ येऊन बसतात आणि तो चेहरा यंत्राच्या आवाजात कंपनीचं नाव घेतो. तोही 'रगरॅट्स'सारख्या मुलांच्या मालिकांच्या शेवटी!

१९७४ मध्ये स्क्रीन जेम्सचं नाव का गेलं?

वेगळ्या पाटीची गरज संपली म्हणून. १९६८ मध्ये स्क्रीन जेम्स आणि मूळ कोलंबिया यांचं विलीनीकरण होऊन कोलंबिया पिक्चर्स इंडस्ट्रीज झाली होती. टीव्हीची लाज वाटायचे दिवस तोवर मागे पडले होते. उलट नियमित पैसा तिथूनच येत होता. मग स्वतःचं मोठं नाव लपवण्यात काय अर्थ? १९७४ मध्ये कंपनी कोलंबिया पिक्चर्स टेलिव्हिजन झाली. पिवळ्या पडद्यावरचा एस गेला आणि घरोघरची मुलं सुटली.

'सनबर्स्ट' म्हणतात तो कोणता?

१९७६ मध्ये कोलंबियाने आपल्या मशालवाल्या बाईला काही वर्षं जवळपास रजाच दिली. चित्रपटांच्या आवृत्तीत बाई दिसायची, कॅमेरा मशालीकडे झेपावायचा, उजेड पडदा भरून टाकायचा आणि त्या उजेडाचं रूपांतर किरणांच्या निळ्या अर्धवर्तुळात व्हायचं. हे काम रॉबर्ट एबल यांच्या संस्थेचं. स्ट्रीक, चकाकी, प्रकाशाच्या रेषा हा त्यांचा हातखंडा, आणि तेव्हा हे सगळं संगणकावर नव्हे तर कॅमेऱ्यात, एकावर एक एक्स्पोजर देऊन केलं जायचं.

टीव्हीसाठी याचं फक्त शेपूट वापरलं: बाई नाही, थेट किरणांचं अर्धवर्तुळ, आणि तेही निळं नव्हे तर नारिंगी. काटछाट समजण्यासारखी आहे. चित्रपटगृहात प्रेक्षक तिकीट काढून अंधारात बसलेला असतो, त्याला पंधरा सेकंद थांबवता येतं. टीव्हीवर पुढची जाहिरात दाराशी उभी असते. मला विचाराल तर हा या घराण्यातला सर्वांत देखणा लोगो. पण एसची कीर्ती त्याच्या वाट्याला आली नाही.

कोका-कोलाचा यात काय संबंध?

१९८२ मध्ये कोका-कोलाने कोलंबिया विकत घेतली. शीतपेयाच्या कंपनीला स्टुडिओ कशाला हवा, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. सनबर्स्ट मागे पडला, बाई परत आली. त्याच वर्षी कोलंबिया, एचबीओ आणि सीबीएस यांनी मिळून ट्राय-स्टार काढली. लोगोतला पंखांचा घोडा तिचा. १९८५ मध्ये कोका-कोलाने नॉर्मन लिअर आणि जेरी पेरेंचिओ यांच्याकडून एम्बसी कंपनी ४८.५ कोटी डॉलरना घेतली. आता एका छपराखाली तीन टीव्ही कंपन्या झाल्या, आणि इथून पुढे लोगोंचा गुंता सुरू होतो.

काही काळ कोलंबिया/एम्बसी टेलिव्हिजन असं जोडनाव चाललं. १९८७ च्या अखेरीस कोका-कोलाने कोलंबिया आणि ट्राय-स्टार एकत्र करून स्वतंत्र कंपनी केली, आणि १९८८ मध्ये टीव्हीचा सगळा कारभार पुन्हा कोलंबिया पिक्चर्स टेलिव्हिजन या नावाखाली आला. 'मॅरिड... विथ चिल्ड्रन' ही मालिका १९८७ मध्ये याच धामधुमीत सुरू झाली. तिच्या भागांवर आधी एम्बसी कम्युनिकेशन्स, नंतर ईएलपी कम्युनिकेशन्स, अशी नावं दिसतात. मालिका तीच, कुटुंब तेच, सोफाही तोच.

सोनी कधी आली?

१९८९ मध्ये, ३.४ अब्ज डॉलर मोजून. पण सोनीने आपलं नाव लगेच मोठ्या अक्षरांत लावलं नाही. १९९४ मध्ये कोलंबिया आणि ट्रायस्टारचे टीव्ही विभाग एक होऊन कोलंबिया ट्रायस्टार टेलिव्हिजन तयार झालं. बाई आणि घोडा शेजारी शेजारी आले. सोनीचं नाव होतं, पण खाली बारीक ओळीत. २००२ मध्ये ती बारीक ओळ वर चढली आणि कंपनी सोनी पिक्चर्स टेलिव्हिजन झाली.

बाई-घोड्याच्या चौकटींना चाहते 'बॉक्सेस ऑफ बोअरडम' म्हणतात आणि २००२ च्या पट्ट्यांच्या चिन्हाला 'बार्स ऑफ बोअरडम'. दुसऱ्या नावाशी मी सहमत आहे. त्या पट्ट्यांना ना चेहरा ना चाल. बँकेच्या अहवालावर शोभतील.

मशालवाली बाई प्रत्येक वेळी तीच आहे का?

नाही. चित्र अनेकदा नव्याने काढलं गेलं. सध्याची बाई मायकल डीस यांच्या १९९२ च्या तैलचित्रातली आहे. त्यासाठी मॉडेल म्हणून न्यू ऑर्लिन्समधल्या एका वृत्तपत्रातली ग्राफिक आर्टिस्ट उभी राहिली होती, अंगाभोवती चादरी गुंडाळून. ती व्यावसायिक मॉडेल नव्हती.

जुन्या मालिकेच्या शेवटी नवा लोगो का दिसतो? 'बिविच्ड' १९६० च्या दशकातली, लोगो मात्र २००२ चा.

याला चाहत्यांच्या भाषेत 'प्लास्टरिंग' म्हणतात: जुना लोगो काढून त्याच जागी नव्या मालकाचा लावणं. कारण सरळ आहे. प्रत वाटणारी कंपनी आज सोनी आहे, तेव्हा पाहणाऱ्याला सोनीचं नाव दिसलं पाहिजे. या बाबतीत सोनी चाहत्यांमध्ये चांगलीच बदनाम आहे. गंमत म्हणजे घाईत केलेलं प्लास्टर उघडं पडतं. कधी जुन्या लोगोचा शेवटचा सूर नव्या चित्रावर ऐकू येतो, कधी जुन्या फिल्मच्या दाणेदार चित्रानंतर एकदम काचेसारखी स्वच्छ चौकट येते. कान देऊन ऐकलं तर सांधा सापडतो.

असं करणारी सोनी एकटी नाही. ल्युसील बॉल आणि देसी आरनाझ यांची देसीलू ही निर्मितीसंस्था १९६७ मध्ये पॅरामाउंटच्या मालक कंपनीकडे, गल्फ अँड वेस्टर्नकडे गेली आणि पॅरामाउंट टेलिव्हिजन झाली. देसीलूने सुरू केलेल्या मालिकांच्या शेवटी पुढच्या काळात पॅरामाउंटचा डोंगर उभा राहिला.

१९७० च्या दशकात इतके नवे वितरक एकदम कुठून उगवले?

सरकारी नियमातून. अमेरिकेच्या एफसीसी या नियामक संस्थेने १९७० मध्ये असा नियम केला की नेटवर्कनी बाहेरच्या निर्मात्यांच्या मालिकांत मालकी हक्क ठेवायचा नाही आणि पुनर्प्रसारणाच्या विक्रीतही पडायचं नाही. याला 'फिन-सिन' म्हणतात. त्यामुळे सीबीएसला आपला वितरण विभाग वेगळा काढावा लागला. १९७१ मध्ये तो व्हायाकॉम झाला. एबीसीच्या एबीसी फिल्म्सची वर्ल्डव्हिजन झाली. या वर्ल्डव्हिजनचं नाव एका मोठ्या धर्मादाय संस्थेशी इतकं जुळायचं की लोगोखाली 'आमचा त्यांच्याशी संबंध नाही' अशी ओळ टाकावी लागली. लोगोतच खुलासा करावा लागलेली दुसरी कंपनी मला माहीत नाही.

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे नियम मोडीत निघाले. मग नेटवर्कनी पुन्हा स्वतःचे स्टुडिओ धरले, सुटे वितरक गिळले गेले आणि लोगोंची संख्या घटली. 'व्ही ऑफ डूम'ची कंपनी ज्या सीबीएसमधून निघाली होती, ती सीबीएस व्हायाकॉमने २००० साली विकत घेतली.

मजेशीर लोगो कधी आले? सगळेच काही भीतीदायक नव्हते.

स्वतः लिहिणाऱ्या-करणाऱ्या माणसांच्या छोट्या कंपन्या निघाल्या तेव्हा. यात पहिला मान एमटीएमचा. मेरी टायलर मूर आणि ग्रँट टिंकर यांनी १९६९ मध्ये ही कंपनी काढली. एमजीएमच्या वर्तुळात सिंह डरकाळी फोडतो, तर यांच्या वर्तुळात मांजरीचं पिल्लू म्याँव करतं. मोठ्या स्टुडिओला काढलेला चिमटा, आणि तोही आवाज न चढवता.

त्या मांजरीचं नाव मिम्सी. पुढे प्रत्येक मालिकेसाठी तिला वेगळा वेश मिळाला. 'हिल स्ट्रीट ब्लूज'ला पोलिसाची टोपी, रुग्णालयातल्या 'सेंट एल्सव्हेअर'ला शस्त्रक्रियेचा पोशाख, 'रेमिंग्टन स्टील'ला गुप्तहेराची टोपी आणि पाइप. मे १९८८ मध्ये 'सेंट एल्सव्हेअर'चा शेवटचा भाग झाला. त्याच्या श्रेयनामावलीत मिम्सी आजारी अवस्थेत यंत्रांना जोडलेली दिसते, आणि नावं संपता संपता हृदयाच्या ठोक्यांची रेषा सपाट होते. काही सेकंदांच्या कायदेशीर पाटीवर कथेचा शेवट करून दाखवणं, हे मला आजही धाडसाचं वाटतं.

गॅरी डेव्हिड गोल्डबर्ग यांच्या उबू प्रॉडक्शन्समध्ये तोंडात फ्रिस्बी धरलेल्या त्यांच्या कुत्र्याचा फोटो आहे, पॅरिसच्या बागेत काढलेला. त्यावर 'बस, उबू, बस' आणि शाबासकी मिळाल्यावर एक भुंकणं. स्टीफन कॅनेल टाइपरायटरवर काम करताना दिसायचे. कागद ओढून भिरकवायचे आणि त्याचं कंपनीच्या नावातलं अक्षर व्हायचं. संगीत माइक पोस्ट यांचं. हे चित्रीकरण वेळोवेळी नव्याने केलं जायचं, म्हणून ओळीने लावले तर कॅनेल वयाने वाढत जाताना दिसतात.

हल्लीचे लोगो एका सेकंदात का संपतात?

१९९४ मध्ये एनबीसीने श्रेयनामावली पडद्याच्या एका भागात दाबून उरलेल्या जागेत पुढच्या कार्यक्रमांची झलक दाखवायला सुरुवात केली. श्रेयनामावली लागली की प्रेक्षक चॅनेल बदलतो, हे त्यामागचं गणित. इतरांनीही तेच केलं. शीर्षकसंगीत गेलं, लोगोंचा अवकाश आक्रसला. स्ट्रीमिंगवर तर पुढचा भाग आपोआप सुरू होतो आणि लोगो बघायचा तर रिमोट हातात धरून झटापट करावी लागते.

या टंचाईचा चतुर वापर मालिकांचे निर्माते चक लॉरी यांनी केला. १९९७ मध्ये 'धर्मा अँड ग्रेग'पासून ते शेवटच्या पाटीवर बारीक अक्षरांत अख्खा मजकूर टाकू लागले, दर भागाला नवा. चालू प्रसारणात तो वाचणं अशक्यच. रेकॉर्ड करून चित्र थांबवणाऱ्यांसाठीच तो लिहिलेला होता.

माझ्याकडच्या प्रतीवरचा लोगो मूळचाच आहे, हे कसं ओळखायचं?

आधी श्रेयनामावलीतली कॉपीराइटची ओळ बघा. जुन्या मालिकांत वर्ष रोमन आकड्यांत असतं. ते वर्ष आणि लोगोचा काळ जुळतो का ते पडताळा. १९६६ चं वर्ष आणि त्यानंतर एस, तर ठीक. १९६६ चं वर्ष आणि नारिंगी सनबर्स्ट, तर ती प्रत १९७६ नंतर पुनर्प्रसारणासाठी काढलेली. सोनीच्या पट्ट्या असतील तर २००२ नंतरची.

मग सांध्याकडे लक्ष द्या: रंग, दाणे, आवाजाची पातळी, आणि चौकटीचं प्रमाण. जुन्या चौकोनी चित्रानंतर लोगो रुंद पडदाभर पसरला, तर तो नंतर चिकटवलेला आहे. मूळ लोगो बहुधा स्टेशनकडे गेलेल्या १६ मिलिमीटरच्या प्रिंटमध्ये आणि लोकांनी घरी केलेल्या व्हीएचएस टेपमध्ये टिकले. अधिकृत डीव्हीडीपेक्षा जुनी, फडफडणारी टेप या कामाला जास्त भरवशाची.

स्क्रीन जेम्स आज आहे का?

आहे, पण टीव्हीत नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी सोनीने हे नाव चित्रपटांसाठी पुन्हा बाहेर काढलं. मध्यम खर्चाचे चित्रपट हा तिचा प्रांत, आणि त्यात भयपटांचा भरणा मोठा.